देव पडल्यावर जादूचे काय होते : अडलेल्या मोहिमेचे निदान आणि दुरुस्ती

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या भूमिका-खेळाची जी मोहीम वर्षभराहून अधिक टिकते, तिच्यात कधी ना कधी एखादा देव पडतोच (मरतो किंवा सत्ता गमावतो), आणि तो पडला की पुढच्या बैठकीत त्याच त्या अडचणी उभ्या राहतात. क्लेरिक (देवाच्या कृपेने जादू करणारा पुरोहित) चालवणारा खेळाडू विचारतो की माझे मंत्र अजून चालतात का. खेळ चालवणारा डीएम क्षणभर विचार करून 'नाही' म्हणतो आणि तो खेळाडू पुढचे तीन रविवार नुसती गदा फिरवत बसतो. त्यानंतर पॅलाडिनवाला, म्हणजे शपथबद्ध योद्धा चालवणारा, आपली शंका काढतो. झोळीतल्या औषधाच्या कुपीने जखमा भरतात की नाही, यावर अर्धा तास वाद होतो. विझार्डची, म्हणजे अभ्यासाने जादू शिकलेल्या जादूगाराची, जादू चालू ठेवावी तर क्लेरिकवर अन्याय होतो आणि तीही बंद करावी तर खेळण्यासारखे काही उरत नाही. दोन-तीन बैठकांनंतर सगळेच कंटाळतात, डीएम विसरल्याचे सोंग घेतो आणि काही घडलेच नव्हते अशा थाटात जादू परत येते. हा घोळ मी स्वतः दोनदा घातला आहे, आणि दुसऱ्या वेळी तर पहिली चूक नीट आठवत असताना घातला.

मोहिमा निरनिराळ्या असल्या तरी दोषाचे मूळ एकच असते. 'जादू चालते की नाही' असा प्रश्न आपण विचारतो, म्हणजे सगळी जादू ही एकच वस्तू आहे असे गृहीत धरतो. रात्री घरातले दिवे गेले की आपण आधी खिडकीतून समोरच्या इमारतीकडे पाहतो. तिथे उजेड असेल तर आपला फ्यूज उडालेला असतो, सगळी गल्ली अंधारात असेल तर डीपीत बिघाड असतो, आणि गल्ली अंधारात असूनही एखाद्या घरात पंखा फिरत असेल तर त्या घरी इन्व्हर्टर असतो. देव पडल्यावरही प्रत्येक पात्रापर्यंत शक्ती कोणत्या वाटेने येत होती आणि ती वाट नेमकी कुठे तुटली, एवढेच शोधायचे असते. ते सापडले की बहुतेक वाद आपोआप मिटतात.

येथून पुढे २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे नियम गृहीत धरले आहेत. मराठीत बोलताना पात्राची पातळी आणि मंत्राची पातळी यांची हमखास गल्लत होते, म्हणून मंत्रासाठी मी 'श्रेणी' हा शब्द वापरला आहे.

पहिली तपासणी : कोणत्या जगातला कोणता देव

फेरूनमध्ये, म्हणजे 'फरगॉटन रेल्म्स' या जगात, जादूची एक वीण सर्वत्र पसरलेली असते आणि मिस्ट्रा ही देवी ती सांभाळते. विझार्ड असो वा क्लेरिक, दोघेही जादू याच विणीतून करतात. क्लेरिकला त्याशिवाय स्वतःच्या देवाची कृपाही लागते. त्यामुळे मिस्ट्रा पडली तर साऱ्या गल्लीची डीपी गेली असे समजावे, आणि दुसरा कोणताही देव पडला तर तो त्याच्या भक्तांपुरता उडालेला फ्यूज असतो. हा भेद एकदा टेबलावर मोठ्याने सांगितला की विझार्डचे काय करायचे हा प्रश्न निम्म्याहून अधिक सुटतो.

या जगाच्या छापील इतिहासात दोन्ही बिघाड एकाच वेळी झाल्याचे उदाहरण आहे. डेल कालगणनेच्या १३५८ या वर्षी बेन आणि मिर्कुल या देवांनी नियतीच्या पाट्या चोरल्या, आणि सर्वांच्या वर असलेल्या आओने संतापून सगळ्या देवांना मर्त्यांच्या देहात पृथ्वीवर ढकलले. स्वर्गाच्या जिन्यावर पहारा करणारा हेल्म तेवढा वर राहिला. त्याचा पहारा मोडून वर जाऊ पाहणारी मिस्ट्रा त्याच्या हातून मारली गेली. तिचे सत्त्व भूमीत मिसळले आणि जादू बेभरवशाची झाली: कुठे मंत्र भलताच परिणाम करी, तर कुठे जादू पूर्णपणे मेलेली असे. दुसरीकडे क्लेरिकला आपल्या देवाच्या देहापासून एका मैलाच्या आत असल्याशिवाय मंत्र मिळत नसत. हा एका मैलाचा नियम मला फार आवडतो, कारण तो 'नाही' म्हणत नाही. तो 'कुठे' हे सांगतो, आणि खेळाडूला तेवढे कळले की तो उठून चालायला लागतो.

याआधीचा मोठा अपघात नेथेरिल या प्राचीन साम्राज्याचा. कार्सस नावाच्या महाजादूगाराने बाराव्या श्रेणीचा मंत्र रचून त्या काळच्या जादूच्या देवीची, म्हणजे मिस्ट्रिलची, सत्ता स्वतःकडे ओढून घेतली. वीण सांभाळणे त्याच्या आवाक्यातले नव्हते. देवीने स्वतःचा बळी देऊन ती तोडली, आणि तेवढ्या वेळात आकाशात तरंगणारी शहरे खाली कोसळली. नंतर १३८५ साली सिरिक या देवाने शार या देवीच्या मदतीने, आधीच्या मिस्ट्राच्या जागी आलेल्या नव्या मिस्ट्राला ठार केले आणि निळ्या अग्नीचा काळ सुरू झाला.

येथे थोडे विषयांतर करतो, पण ते उपयोगी आहे. १३५८ ची उलथापालथ १९८९ मध्ये प्रकाशित झाली, म्हणजे खेळाची दुसरी आवृत्ती आली त्याच वर्षी. निळा अग्नी २००८ मध्ये चौथ्या आवृत्तीबरोबर आला. दुसऱ्या आवृत्तीच्या नियमांत असॅसिन (मारेकरी) हा वर्ग नव्हता, म्हणून १३५८ च्या कथेत बेनने जगातले सगळे असॅसिन मारून टाकले. देव पडण्यामागे छापखान्याचा हात असतो तो असा. या आपत्ती जुने नियम संपवून नवे आणण्यासाठी रचलेल्या होत्या, त्यामुळे त्यांची भव्यता उचलून आपल्या चालू मोहिमेत आणली की आपल्या हाती आपत्ती तेवढी येते आणि तिच्यानंतरचे नवे नियम काही येत नाहीत.

इतर जगांचा नकाशा वेगळा आहे. क्रिनवर, म्हणजे 'ड्रॅगनलान्स'च्या जगात, विझार्डची जादू तीन चंद्रांशी जोडलेली असते, त्यामुळे तिथे क्लेरिकचा देव पडल्याने विझार्डला काहीच होत नाही. पण तिथल्या कालगणनेच्या ३८३ सालच्या महायुद्धानंतर देव निघून गेले आणि तीन चंद्रांच्या जागी एकच फिकट चंद्र उरला, तेव्हा विझार्डही रिकाम्या हातांनी उभे राहिले. अथासवर, म्हणजे 'डार्क सन'च्या जगात, देवच नाहीत. तिथे टेम्प्लरांना (राजाच्या पुरोहित-अधिकाऱ्यांना) मंत्र देतो तो जादूगार-राजा, म्हणून टिर शहराचा राजा कलाक मारला गेला तेव्हा त्याच्या टेम्प्लरांचे मंत्र गेले आणि शहरातल्या इतर जादूगारांना त्याचा काही फरक पडला नाही. एबेरॉन या आणखी एका जगात तर देव खरोखर आहेत की नाहीत हेच कोणाला ठाऊक नाही आणि क्लेरिकची शक्ती त्याच्या श्रद्धेतून येते. त्या जगात 'देव पडला' ही एक बातमी असते. ती खरी मानायची की नाही हे क्लेरिकनेच ठरवायचे असते, आणि माझ्या मते यापेक्षा चांगला प्रसंग कोणताही डीएम आयता देऊ शकत नाही.

क्लेरिक : पायरीपायरीने तुटणारी वाट

आता मुख्य दुखण्याकडे वळू. यावरचा सर्वांत चांगला उपाय १९७९ च्या डीएमसाठीच्या नियमग्रंथात आहे आणि आज तो फारसा कोणी वापरत नाही. त्या नियमांप्रमाणे क्लेरिकला पहिल्या व दुसऱ्या श्रेणीचे मंत्र स्वतःच्या शिक्षणातून आणि श्रद्धेतून मिळत, तिसऱ्या ते पाचव्या श्रेणीचे मंत्र देवाचे सेवक-दूत पोहोचवत, आणि सहाव्या व सातव्या श्रेणीचे मंत्र देव स्वतः देई. आजच्या नियमांत क्लेरिकचे मंत्र नवव्या श्रेणीपर्यंत जातात, म्हणून सहाव्यापासून वरचे सगळे देवाच्या हातचे मानावे.

या एका व्यवस्थेमुळे देवाच्या पडण्याला क्रम मिळतो. देव गेला त्या क्षणी सहाव्या श्रेणीपासूनचे मंत्र बंद होतात. सेवक-दूत मात्र लगेच नाहीसे होत नाहीत: कोणी सैरभैर होतो, कोणी दुसऱ्या देवाच्या दाराशी जातो, कोणी पडलेल्या देवाच्या देवळात हट्टाने बसून राहतो. त्यामुळे तिसरी ते पाचवी श्रेणी काही दिवसांत विरत जाते, आणि एखादा दूत शोधून त्याच्याशी बोलणी केली तर काही काळ टिकतेही. पहिली व दुसरी श्रेणी कायम राहते, कारण ती शिकून मिळवलेली असते आणि देव पडला म्हणून शिकलेले पुसले जात नाही. जखम भरण्याचा साधा मंत्र पहिल्या श्रेणीचा असल्याने क्लेरिक कोणत्याही स्थितीत निरुपयोगी होत नाही. स्लॉट, म्हणजे दिवसभरात मंत्र टाकण्याच्या ठरावीक संधी, मात्र सगळ्या ठेवाव्यात. वरच्या श्रेणीचा स्लॉट वापरून खालचा मंत्र अधिक जोराने टाकण्याची मुभा नियमात आहेच.

यात एक अडचण आहे. क्लेरिकला तिसऱ्या श्रेणीचे मंत्र पाचव्या पातळीला आणि सहाव्या श्रेणीचे अकराव्या पातळीला मिळतात, म्हणून चौथ्या पातळीच्या गटात देव पडला तर वरच्या व्यवस्थेने काहीच हरवत नाही. अशा गटासाठी मी मंत्रांची यादी गोठवतो. नियमाप्रमाणे क्लेरिक मोठ्या विश्रांतीनंतर प्रार्थना करून आपल्या तयार मंत्रांची यादी बदलू शकतो, आणि त्यासाठी प्रत्येक मंत्राला त्याच्या श्रेणीमागे किमान एक मिनिट लागते. ऐकणारा नसेल तर यादी बदलणार कशी? शेवटच्या पहाटे जे मंत्र तयार होते तेच उरतात. स्लॉट रोज भरतात, पण यादी तीच राहते. हा तोटा खेळाडूला जाणवतो आणि तरीही त्याला खेळता येते. याबरोबर 'चॅनल डिव्हिनिटी' ताबडतोब बंद करावी, कारण ती थेट देवाकडून येते आणि दुसऱ्या पातळीपासूनच हाती असते.

दहाव्या पातळीला मिळणाऱ्या 'डिव्हाइन इंटरव्हेन्शन'चे काय, असे हमखास विचारले जाते. क्लेरिक देवाला हाक मारून शंभराचा फासा टाकतो आणि आपल्या पातळीइतका किंवा कमी आकडा आला तर देव धावून येतो. ही सोय बंद करू नये. फासा टाकू द्यावा, आणि यश आले तर दुसऱ्याच कोणीतरी उत्तर द्यावे. १३५८ नंतर बेन, भाल आणि मिर्कुल या तिघांची खाती सिरिकने घेतली आणि मिस्ट्राच्या जागी मिडनाइट नावाची मर्त्य स्त्री बसली. म्हणजे रिकाम्या आसनावर कोणी बसणे या जगाला नवे नाही. गणपती विसर्जन झाल्यावर मखर रिकामे दिसते तेव्हा घरातल्या लहान मुलाला जे वाटते, ते क्लेरिकच्या खेळाडूला एक बैठकभर वाटू द्यावे. तीन बैठका वाटू देऊ नये.

हे सगळे त्या खेळाडूला आधी सांगावे की अचानक घडवावे? माझे मत ठाम आहे: आधी, एकट्याला आणि स्पष्टपणे सांगावे. देव कोणता आणि कसा पडणार हे सांगण्याची गरज नाही, पण 'पुढच्या दोन-तीन बैठकांत तुझ्या पात्राच्या शक्तीला धक्का बसणार आहे, चालेल ना' एवढे विचारावे. ज्या दोन मोहिमा मी बिघडवल्या, त्यांत नियमांपेक्षा हे न विचारणेच अधिक नडले.

भलतीच उसळणारी जादू : आकडेमोड आधी करावी

वीणच तुटली असेल तर 'वाइल्ड मॅजिक'चा तक्ता काढण्याचा मोह होतो. नियमात हा तक्ता एका विशिष्ट प्रकारच्या सॉर्सररसाठी, म्हणजे उपजत जादू असलेल्या पात्रासाठी, आहे: पहिल्या किंवा त्याहून वरच्या श्रेणीचा मंत्र टाकल्यावर डीएम त्याला वीस बाजूंचा फासा टाकायला सांगू शकतो, एक आला तरच शंभराचा फासा तक्त्यावर टाकायचा. ही शक्यता पाच टक्क्यांची झाली. एका लढाईत गटाने मिळून आठ मंत्र टाकले तर निदान एकदा जादू उसळण्याची शक्यता सुमारे ३४ टक्के होते, म्हणजे ढोबळमानाने तीन लढायांत एकदा. हे प्रमाण खेळायला योग्य आहे. 'देवी मेली आहे, मजा येऊ दे' म्हणून एखादा डीएम चारात एक अशी शक्यता ठेवतो, तेव्हा तोच आकडा सुमारे ९० टक्क्यांवर जातो, जवळपास प्रत्येक लढाईत तक्ता उघडावा लागतो आणि तिसऱ्या वेळी त्याचे कोणालाही नवल वाटत नाही.

त्या तक्त्यात ७ किंवा ८ आला तर मंत्र टाकणाऱ्यावरच तिसऱ्या श्रेणीचा अग्निगोल फुटतो. त्याचे सरासरी नुकसान २८ असते. आठ प्राणगुणांचा (हिट पॉइंट्सचा) पहिल्या पातळीचा विझार्ड त्यात बचावाचा फासा चुकला तर जागच्या जागी मरतो, कारण शून्यावर पोहोचल्यानंतर उरलेले नुकसान त्याच्या पूर्ण प्राणगुणांहून कितीतरी जास्त असते. पाचव्या पातळीखालच्या गटासाठी तक्त्यातली ही ओळ खोडून दुसरे काही लिहावे. त्यात कोणताही कमीपणा नाही.

मेलेली जादू : सीमा नकाशावर आखावी

जादू पूर्ण बंद असलेला प्रदेश ठेवायचा असेल तर त्याला कडा हवी. बेन आणि टॉर्म या देवांनी फेरूनमधल्या टँट्रास शहराजवळ एकमेकांचा नाश केला आणि तिथल्या भूमीत जादू मेली; म्हणजे देव जिथे पडला ती जागा, हा नियम आयताच मिळतो. अशा भागातल्या परिणामांसाठी 'अँटिमॅजिक फील्ड' या मंत्राचे नियम वापरावेत: आत गेलेला परिणाम नष्ट होत नाही, तो दबतो, आणि दबलेला वेळही त्याच्या मुदतीतून वजा होत राहतो. खेळाडूंना कडा शोधण्याचे साधन द्यावे. आमच्या टेबलावर एकाने खड्यावर 'लाइट' मंत्र लावला, तो दोरीला बांधून पुढे फेकला आणि उजेड जिथे विझला तिथे खडूने रेघ ओढली. पुढचा तासभर सगळा गट त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना लढाई कशी लावायची यात गुंतला होता आणि एकानेही नियमांचे पुस्तक उघडले नाही.

कुप्या, कांड्या आणि सांगाडे

वस्तूंसाठी इन्व्हर्टरचा दाखला पुरेसा आहे. आत भरलेली शक्ती तशीच राहते, बाहेरून होणारा भरणा बंद होतो. औषधाची कुपी चालते. ज्या देवळी वस्तूचे चार्ज रोज पहाटे भरतात, तिचे उरलेले चार्ज चालतात आणि पहाट फुकट जाते. पवित्र पाणी करायला क्लेरिकला तासभराचा विधी आणि पहिल्या श्रेणीचा स्लॉट लागतो, म्हणून तेही वरच्या व्यवस्थेत टिकते.

सांगाड्यांकडे मात्र नीट लक्ष द्यावे. मृतांना उठवण्याचा 'अ‍ॅनिमेट डेड' हा मंत्र तिसऱ्या श्रेणीचा आहे आणि उठलेला सांगाडा चोवीस तासच ऐकतो. ताबा ठेवायचा तर मुदत संपण्याआधी मंत्र पुन्हा टाकावा लागतो. मृत्यूचा देव पडला, त्याचे दूत पांगले आणि तिसरी श्रेणी विरली की त्याच्या पुरोहितांना हे जमत नाही. मग त्या पंथाच्या प्रत्येक तळघरातले सांगाडे एकेक करून मोकळे होतात, आणि कालपर्यंत शत्रू असलेला पुरोहित मध्यरात्री गटाच्या दाराशी मदत मागायला येतो. ज्या डीएमला देव पडल्यावर पुढे काय घडवावे हे सुचत नसेल त्याने येथून सुरुवात करावी.

पॅलाडिनबद्दल थोडक्यात. २०१४ च्या नियमांत त्याची शक्ती मुख्यतः शपथेतून येते, म्हणून शपथ शाबूत असेल तर तो शाबूत राहतो. फेरूनच्या तिसऱ्या आवृत्तीत पॅलाडिनलाही आश्रयदाता देव लागत असे. ती पद्धत पाळायची असेल तर त्याला क्लेरिकच्याच पायऱ्या लावाव्यात. दोन्हींपैकी एक ठरवावे आणि लिहून ठेवावे. एका कागदावर प्रत्येक पात्राचे नाव, शक्तीची वाट, तुटलेली पायरी आणि ती कोणत्या बैठकीपासून तुटली एवढे लिहून तो टेबलावर सर्वांना दिसेल असा ठेवला, तर दोन बैठकांनी विसरून जादू परत आणण्याची पळवाटही बंद होते.

देव परतल्यावर पुन्हा तोच दोष

ज्यांनी वरचे सगळे नीट केले त्यांच्याकडेही एक बिघाड उरतो: देव परततो, किंवा नवा आसनावर बसतो, आणि डीएम सगळी जादू एका दमात सुरू करतो. वाट जशी टप्प्याटप्प्याने तुटली तशीच ती त्याच क्रमाने टप्प्याटप्प्याने जुळते. देव परतला त्या क्षणी तो स्वतः देतो ते मंत्र, म्हणजे सहाव्या श्रेणीपासूनचे, लगेच परत येतात. मधली तिसरी ते पाचवी श्रेणी उशिरा येते, कारण दूत आधी गोळा करावे लागतात आणि त्यांतले काही आता दुसऱ्याच्या चाकरीत असतात. त्यामुळे काही दिवस असे जातात की क्लेरिक मेलेल्यांच्या सैन्याला थोपवणारा मोठा मंत्र टाकू शकतो, पण 'अ‍ॅनिमेट डेड'सारख्या मधल्या मंत्रासाठी त्याला पदरी दूतच नसतो. अकराव्या पातळीखालच्या क्लेरिकला तर देव परतल्याचे कळतच नाही, म्हणून त्याच्यासाठी एक खूण ठेवावी लागते. मी 'चॅनल डिव्हिनिटी' ठेवतो: प्रत्येक विश्रांतीनंतर खेळाडूने ती वापरून पाहायची, आणि ज्या दिवशी ती लागेल त्या दिवशी कोणी लावली हे मी लगेच सांगत नाही.